बिनडाग स्थळ

चांदणीचं लग्न करून टाका, असं पहिल्यांदा सुचवलं ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, आणि तेही तक्रार करायला आले असताना.

चांदणी ही आमची कुत्री. जात बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या वळणारी. मेंढ्या नसतील तर समोर जे चालतंफिरतं दिसेल ते वळणारी. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात मेंढ्या नाहीत, ज्येष्ठ नागरिक आहेत. सकाळी ते सोसायटीच्या बागेत आपापल्या वेगाने, आपापल्या दिशेने फेऱ्या मारत, आणि चांदणीला हा विस्कळीत कारभार बघवत नसे. ती पोट जमिनीला लावून मागून यायची, गोल फिरायची आणि न भुंकता, न चावता एकेकाला झोपाळ्याजवळच्या कोपऱ्यात आणून उभं करायची. मग समोर बसून नजर रोखायची. कोणाची हलायची हिंमत होत नसे. एकदा सेक्रेटरी धर्मेशभाईंचे सासरे त्या कोपऱ्यात अडकले आणि त्यांची हृदयाच्या डॉक्टरांकडची अपॉइंटमेंट हुकली. धर्मेशभाई आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहतात, त्यामुळे वर यायला त्यांना वेळ लागला नाही. "हेमांगीबेन, इसकी शादी करवा दो," ते म्हणाले. "एक बार बच्चे हो गए, तो अपने आप ठंडी हो जाएगी."

हे औषध आपल्याकडे फार जुनं आहे. मुलगा उनाडक्या करतो, लग्न करा. मुलगी उलट बोलते, लग्न करा. मी स्वतः नात्यागोत्यात हे औषध पुष्कळांना दिलेलं आहे. लग्न जमवायला हात लागतो, आणि तो माझा चांगला आहे. मी जमवलेली बहुतेक लग्नं टिकली. जी मोडली त्यांत चूक मुलाच्या आईची होती. चष्मा, टक्कल, आधी मोडलेला साखरपुडा, काहीही असो, माझ्यापासून लपवून ठेवणं आजवर एकाही स्थळाला जमलेलं नाही. चहा संपायच्या आत मी सगळं बाहेर काढते. तेव्हा घरच्या मुलीचं मी मनावर घेतलं यात नवल नाही.

माझे यजमान कौस्तुभ म्हणाले, आधी डॉक्टरांना विचार. भाईंदर पूर्वेला डॉ. स्वप्नालीचा दवाखाना आहे. मुलगी हुशार, अजून अविवाहित, आणि त्या विषयावर माझ्याशी बोलायला तयार नसते. तिने सरळ सांगितलं की पिल्लं झाल्याने कुठलीही कुत्री शांत होत नाही, चांदणीला नवरा नकोय, काम हवंय. मी ते आजकालच्या मुलींचं मत म्हणून ऐकून घेतलं. शेवटी तिने हात टेकले आणि म्हणाली, करायचंच असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा.

ती गोष्ट चांदणीच्या रंगाची होती. चांदणीचं अंग राखाडी आणि त्यावर शाई सांडल्यासारखे काळे डाग. येणारेजाणारे थांबून फोटो काढतात. या रंगाला मर्ल म्हणतात. तो एका जीनमुळे येतो, आणि स्वप्नालीच्या म्हणण्याप्रमाणे हा जीन आईबापांपैकी एकाकडूनच आला तर पिल्लू असं देखणं निघतं. दोघांकडून आला तर रंगच उडतो. पिल्लू जवळजवळ पांढरं जन्मतं, आणि अंगातला रंग जिथे जिथे हवा तिथे नसतो, कानाच्या आतसुद्धा. म्हणजे बहिरं. कधी डोळ्यांतही खोट. राखाडी डागांची जोडी जमवली तर सरासरीने चारांत एक पिल्लू असं निघणार. "म्हणून मावशी, मुलगा सलग काळा बघा. छाती-पंजे पांढरे असले तरी चालतील, पण राखाडी डाग कुठेही नको."

घरी येईपर्यंत मी त्याची माझ्या पद्धतीने मांडणी केली: स्थळ बिनडाग पाहिजे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले कुलदीपजी कुत्र्यांतले जाणकार आहेत, असं ते स्वतः सांगतात. त्यांनी आधी एका राखाडी डागांच्या मुलाचा फोटो आणला. अगदी चांदणीचा भाऊ शोभेल असा. भिशीतल्या सगळ्या बायकांचं मत पडलं की जोडा असावा तर असा, रंगाला रंग कसा मिळालाय. मी ठाम नकार दिला. त्या दिवशी मला विज्ञानाची बाजू घेतल्याचा फार अभिमान वाटला. मग कुलदीपजी म्हणाले की काशीगावात एक काळा आहे, शेळ्या राखतो, पण घर साधं आहे. मी म्हटलं, घर साधं असू दे, मुलगा राखाडी डागाचा नको एवढंच त्यांना कळवा. का नको, ते मी सांगितलं नाही. स्थळाला कारण सांगायची पद्धत नाही. शिवाय शेळ्या राखणाऱ्या माणसाला जीन काय समजावणार, असंही माझ्या मनात आलं. हे वाक्य मी पुढे अनेक आठवडे गिळायचा प्रयत्न करणार होते.

काशीगावात आम्ही मुलगा बघायला गेलो. मालक काशीनाथ, पन्नाशीचे, तिथले जुने आगरी. भाताची शेतं केव्हाच हॉटेलं आणि गॅरेजांखाली गेली, पण डोंगराच्या पायथ्याची घरामागची जागा आणि शेळ्या त्यांनी सोडल्या नाहीत. त्यांच्या आई इंदुबाई पुढे होऊन आमचं स्वागत करायला आल्या. मुलगा, म्हणजे टायगर, नुकती आंघोळ घातलेला, मोगऱ्याच्या साबणाचा वास येत असलेला, अंगणात बसवून ठेवला होता. काळाभोर. छाती पांढरी, पाठीवरून हात फिरवला तर काजळाची डबी उघडल्यासारखा. साबणाच्या वासाआड आणखी एक वास होता, फार ओळखीचा, पण तो कुठला ते मला आठवेना आणि मी चहाकडे वळले.

मग काशीनाथांनी टायगरचं काम दाखवलं. डोंगर चढला की वर जंगल लागतं, आणि जंगलात बिबट्या. त्याला ते वाघच म्हणतात. गेल्या वर्षी वाघाने तीन शेळ्या नेल्या होत्या. काशीनाथ अंगणात उभे राहिले आणि तोंडाशी हात धरून एक हाळी मारली. वर कुठेतरी झुडपांत गेलेला टायगर निघाला, आणि शेळ्यांचा सगळा कळप वळणावळणाने खाली आला. "अंधार पडायच्या आदी एक हाळी," काशीनाथ म्हणाले. "त्यानी आयकली तं शेल्या घरी. न्हाय आयकली तं शेल्या बी गेल्या न कुत्रा बी गेला." टायगरचे गुडघे आता दुखायला लागले होते. त्यांना त्याच्यामागे कोणी तरी हवं होतं. म्हणून ठरलं ते असं की पिल्लं झाली की पहिली निवड मुलाकडच्यांची. बाकीची आम्ही विकायची नाहीत, चांगल्या घरी द्यायची.

पुढचा तपशील देत नाही. आपण सुशिक्षित घरातले आहोत.

चांदणीला दिवस गेल्याचं कळलं आणि भिशीने डोहाळजेवणाचा आग्रह धरला. सोसायटीचा हॉल मिळावा म्हणून मी अर्ज केला. धर्मेशभाईंनी विचारलं, कार्यक्रम कोणाचा? मी खरं ते सांगितलं. तेव्हा त्यांनी नियमांची फाइल काढली. हॉल सभासदांसाठी आहे आणि चांदणी सभासद नाही. आणखी एक नियम असा निघाला की एका घरात एकच कुत्रा. मी म्हटलं, पिल्लं पाहुणी आहेत, राहायला आलेली नाहीत. त्यावर ते म्हणाले की महिन्याहून जास्त राहणाऱ्या पाहुण्याची नोंद वॉचमनकडे करावी लागते, आधार कार्डासकट. शादी करवा दो म्हणणारे हेच गृहस्थ, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, सलाह अलग, नियम अलग.

शेवटी कार्यक्रम आमच्या घरातल्या हॉलमध्येच झाला. चांदणीला पाटावर बसवलं. गळ्यात मोगऱ्याची वेणी. काशीगावाहून इंदुबाई आल्या, ओटीला नारळ आणि डब्यात तांदळाच्या भाकरी, सुका जवळा, आणि मागोमाग काशीनाथ टायगरला घेऊन. बायकांनी गाणं सुरू केलं. मी टायगरलाही कुंकू लावायला वाकले, आणि सहज त्याच्या मांडीवर हात ठेवला.

ज्या बाया केसांना रंग लावतात त्यांना एक गोष्ट कळते. वरचे केस कितीही काळे असोत, नजर मुळांवर जाते. लावून काही आठवडे झाले की भांगात एक रेघ उघडी पडते, आणि ती घरात दुसऱ्या कोणाला दिसली नाही तरी आपल्याला दिसते. टायगरच्या मांडीवर ती रेघ होती. केस टोकाला काळे, मुळाशी राखाडी. मी बोटांनी केस बाजूला केले. तळहाताएवढा राखाडी डाग आणि त्यात शाई सांडल्यासारखे ठिपके. शेपटीच्या बुडाशी आणखी एक. आणि तो काशीगावातला वास मला आता आठवला. तो माझ्याच बाथरूममधला होता.

मी वर पाहिलं. इंदुबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी पाहिलं की मी पाहिलंय. बायकांचं गाणं जोरात चाललं होतं, ओटी भरायची होती, आणि माझ्या हातात कुंकवाचा करंडा. राग आधी आला की भीती, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्यापासून स्थळाने लपवलं, हे एक. आणि त्याच क्षणी पाटावर बसलेल्या चांदणीचं पोट माझ्या नजरेसमोर होतं, ते दुसरं. मी टायगरला कुंकू लावलं, उठले, आणि सगळ्यांना साबुदाणा वडे वाढले. इंदुबाईंच्या ताटात दोन जास्त वाढले. का, ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी स्वप्नालीसमोर बसले. तिने आधी कुत्र्याला केसांचा रंग लावणाऱ्यांचा उद्धार केला, त्याने कातडी जळते म्हणून. मग म्हणाली, टायगरच्या अंगावर डाग थोडा आहे म्हणून पिल्लांतही थोडाच उतरेल असं नाही. आता काही करता येणार नाही. पिल्लं येतील तेव्हा कळेल. मग तिने विचारलं, "पण मावशी, राखाडी डाग का नको ते तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, डाग नको असं स्पष्ट सांगितलं होतं.

"का नको, ते?"

मी दवाखान्यातल्या माशांच्या टाकीकडे बघत राहिले.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते कौस्तुभना विचारा. त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नाही, पण त्यांचं वजन कमी झालं. रोज संध्याकाळी मी काशीनाथांना फोन करून त्यांची खरडपट्टी काढायचं ठरवायची. काय बोलायचं ते भांडी घासताना पाठ करायची. फोन लागायचा, पलीकडून इंदुबाई "बोल बाय" म्हणायच्या, आणि मी म्हणायची, चांदणी बरी आहे, टायगरचे गुडघे कसे आहेत. त्याही गुडघ्यांचं सांगायच्या. रंगाचं आम्ही दोघींपैकी कोणी काढलं नाही. फोन ठेवला की मला स्वतःचाच इतका राग यायचा की मी कौस्तुभवर ओरडायची.

कुलदीपजींना कळल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. पांढरं निघालं तर पहिल्या दिवसातच काय ते करतात, असं म्हणाले. "लोग रखते नहीं हैं भाभीजी. नाम खराब होता है." काय करतात, ते मी विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून चांदणीच्या पोटावर हात ठेवला की आतली हालचाल लागायची, आणि मला वाटायचं, यातलं कुठलं ते असेल. भिशीतल्या बायकांनी उपाय सांगितले. एकीने केशराचं दूध सांगितलं, त्याने रंग उजळतो म्हणून. मला उजळ रंगाचीच धास्ती होती हे तिला समजावायला मी उठले आणि पुन्हा बसले.

पिल्लं एका रविवारी दुपारी झाली. स्वप्नाली स्वतः आली होती. पहिलं काळं. दुसरं काळं. तिसरं आईसारखं राखाडी डागांचं, चौथंही तसंच. मी मोजत होते आणि मनात म्हणत होते, आता बस, चांदणे, आता पुरे. मग पाचवं आलं. चांदणीने चाटून पुसून काढलं तरी ते पांढरंच राहिलं. एका कानाच्या टोकाला तेवढा राखाडी ठिपका. कौस्तुभनी ते उचललं आणि बाकीच्यांच्या मधे, दुधाजवळ नेऊन ठेवलं. ती मुलगी होती.

कान उघडायला काही आठवडे लागतात. तोवर मी आशा सोडली नव्हती. मग एका सकाळी पाचही जणं जाड गोधडीवर झोपलेली असताना मी त्यांच्या मागे स्टीलचं ताट सोडलं. चार जणं उडाली. एक काळं तर ओरडत कॉटखाली गेलं आणि तिथून ताटावर भुंकायला लागलं. पांढरी झोपून राहिली. मी पुन्हा ताट टाकलं. खालून धर्मेशभाईंनी छताला झाडूचा दांडा ठोकला. पांढरी झोपूनच. मी तिसऱ्यांदा ताट उचललं, तेव्हा कौस्तुभनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि कांदा चिरतेय असं दिसावं म्हणून खरोखर दोन कांदे चिरले.

डोळे चांगले होते तिचे. ती सगळं बघायची, सगळ्यांच्या मागे जायची. फक्त तिला बोलावता यायचं नाही.

मग निवडीचा दिवस आला. इंदुबाई, काशीनाथ आणि मध्यस्थ म्हणून कुलदीपजी, तिघं सोफ्यावर बसले. आत जाऊन मी चहा टाकला, आणि टाकता टाकता ठरवलं की सांगायचं. मग चहा उकळला आणि ठरवलं की आधी चहा देऊन सांगायचं. चहा दिला, आणि ठरवलं की त्यांनी एखादं पिल्लू उचललं की मग बघू. चार चांगली पिल्लं आहेत, पांढरीला कोण उचलतंय.

इंदुबाईंनी पांढरीला उचललं.

एक काळं पिल्लू त्या वेळी कुलदीपजींच्या बुटावर भुंकत होतं. दोघी राखाडी एकमेकींचे कान ओढत होत्या. बाहेर कोणीतरी जोरात दार आपटलं आणि सगळी दचकली. पांढरी दचकली नाही. ती इंदुबाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. "किती गरीब पोर हाय," इंदुबाई म्हणाल्या. "जरा बी घाबरत न्हाय." काशीनाथांनी तिला स्वतःच्या मांडीवर घेतलं. पांढरी आहे, सांजच्याला डोंगरावर लांबून दिसेल, असं ते आईला म्हणाले, आणि त्यांना ती मनापासून आवडलेली दिसत होती. कुलदीपजींनी माताजींच्या नजरेची तारीफ केली आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. कौस्तुभ पंख्याकडे बघायला लागले.

मी गप्प राहिले असते तर झालं असतं. मुलगी स्वतःच्या पायांनी काशीगावाला गेली असती. नियमाच्या फाइलीतून एक पाहुणी कमी झाली असती. आणि खोटं सांगायचं नाही, एक गोष्ट मनात अशीही आली की तुम्ही आम्हाला रंगवलेला मुलगा दिलात, आता घ्या, फिट्टंफाट. हे सगळं मला चहाच्या दोन घोटांत सुचलं. मुलगी शांत आहे, उलटून बोलत नाही, हे वाक्य मीच किती घरांत कौतुकाने सांगितलंय. ते अगदी जिभेवर आलं होतं.

पण काशीनाथ तिच्या कानांमागे खाजवत होते. आणि मला तो डोंगर दिसला. अंधार पडायला आलाय, ते अंगणात उभे राहून हाळी मारतायत, आणि ही वर कुठेतरी पाठमोरी बसलीय, समोरच्या झुडपाकडे बघत. मागच्या झुडपाकडे तिचं लक्ष नाही.

"मावशी," मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही."

कुलदीपजींनी कप खाली ठेवला. काशीनाथांचा हात थांबला, पण त्यांनी तिला मांडीवरून उतरवलं नाही. इंदुबाई माझ्याकडे वळल्या.

"कवापास्नं ठाव हाय तुला?"

"झाले काही आठवडे."

"मंग आमी दारात पाय ठेवला तवाच का न्हाय सांगतलास?"

"तुम्ही उठून जाल म्हणून."

इंदुबाईंनी मान हलवली. पदराने तोंड पुसलं. "टायगरला रंग लावला तो बी त्याच्यासाठीच, बाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांना मी सगळं सांगितलं. जीन, रंग, कानाच्या आतला रंग, चारांत एक. स्वप्नालीने मला सांगितलं होतं तेवढंच, तशाच शब्दांत. काशीनाथांना ते समजायला मला लागला होता त्याहून जास्त वेळ लागला नाही. कुलदीपजींनी निरोप आणला तो डाग नको एवढाच, ते म्हणाले. त्यांना वाटलं, शहरातली माणसं आहेत, फोटोत बरं दिसावं म्हणून म्हणत असतील. आईने संध्याकाळी केसांच्या रंगाची पुडी आणून लावली. "तुमी कारन सांगतला असता तं मीच न्हाय बोललो असतो, ताई," ते म्हणाले. "बहिरा कुत्रा माज्या काय कामाचा?"

मी चहा पुन्हा गरम करायला आत गेले. बाहेर आले तर इंदुबाई कुलदीपजींना म्हणत होत्या की दोन बायांच्या मधे असा माणूस असला की हेच होणार. ते मला पटलं. सगळा दोष एकट्या कुलदीपजींवर गेल्यावर खोलीतलं वातावरण बरंच निवळलं.

त्यांनी काळं नेलं, बुटावर भुंकणारं. निघताना काशीनाथांनी दाराबाहेर जाऊन एक हाळी मारून बघितली. सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. काळं पिल्लू धावत त्यांच्या पायाशी गेलं. पांढरीने त्याला जाताना बघितलं आणि तीही मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेली. इंदुबाईंनी तिला उचलून माझ्या हातात दिलं. जाताना म्हणाल्या, पुढच्या वेळी फोन केलास तर गुडघ्यांचं विचारू नको, काय ते सरळ बोल.

बाकीची तिघं महिन्याभरात चांगल्या घरी गेली. पांढरीला बघायला लोक आले. मी दार उघडतानाच सांगत असे, मुलगी बहिरी आहे. मग ते आत येत, चहा घेत, किती गोड आहे म्हणत, आणि घरी विचारून कळवतो म्हणत. कळवतो म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको. तिसऱ्या वेळी मी पाहुण्यांचा चहा संपायच्या आत म्हटलं, कळवू नका. आमचा विचार बदललाय, मुलगी द्यायची नाही. पाहुणे जरा नाराज झाले. मला मात्र त्या दिवशी खूप बरं वाटलं, इतकं की मी संध्याकाळी शिरा केला.

तिचं नाव धाकटी पडलं. तिला बोलवायचं कसं, ते स्वप्नालीने दाखवलं. फरशीवर पाय आपटायचा. जमिनीतला धक्का तिला पंजांतून कळतो. दोनदा आपटलं की जेवण, हे ती चार दिवसांत शिकली. त्यामुळे आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ पाय आपटणं सुरू झालं, आणि पाचव्या दिवशी धर्मेशभाई वर आले. हातात नियमांची फाइल होती. एका घरात दुसरा कुत्रा, हा एक मुद्दा. रोज सकाळी छतावर नाच, हा दुसरा.

पूर्वीची मी असते तर फाइलीतला एखादा नियम काढून त्यांच्यावरच उलटवला असता, किंवा पाहुणी आहे म्हटलं असतं. मी दारातच सांगून टाकलं. "धर्मेशभाई, हमारी छोटीवाली बहरी है. पैर मारते हैं तभी उसको समझता है, खाना हो गया करके."

त्यांनी माझ्या पायांमागे बघितलं. धाकटी तिथून त्यांच्याकडे बघत होती.

"कुछ भी नहीं सुनती?"

"कुछ भी नहीं."

ते "अच्छा" म्हणाले आणि फाइल काखेत धरून जिना उतरले. आता नोटीस येणार, असं कौस्तुभ म्हणाले. मी रात्रभर उत्तरं जुळवत होते.

सकाळी मी स्वयंपाकघरात धाकटीचा दूधभात कालवत होते. ती बाहेर हॉलमध्ये उघड्या फरशीवर झोपली होती, आणि मी अजून पाय आपटलाच नव्हता. तेवढ्यात खालून छताला ठोकल्याचा आवाज आला, दोनदा, हलक्या हाताने. धाकटी उठली, हॉलच्या मधोमध, जिथे खालून ठोकलं होतं त्या फरशीवर जाऊन उभी राहिली आणि खाली बघून शेपूट हलवायला लागली. मी वाटी तिथेच नेऊन ठेवली.